शेवटचा तांब्या

त्याने माझ्या डिग्रीच्या कागदावर चहाचा मग ठेवला.

मुद्दाम नाही. मुद्दाम ठेवला असता तर इतकं लागलं नसतं. त्याला टेबलावर जागा हवी होती आणि माझा कागद तिथे होता, एवढंच. तो इंग्लंडमधल्या लीड्सच्या जॉबसेंटरमधला, म्हणजे सरकारी नोकरी-कचेरीतला, कारकून. बाहेर पावसाची चिकचिक, आत ओल्या कोटांचा वास. मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला होता. बी.ए., दुसरा वर्ग, मराठवाड्यातलं कॉलेज. त्याने तो मागून-पुढून पाहिला, हे इंडियन आहे ना म्हणून विचारलं, आणि समोरच्या फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं. शिक्षण : नाही.

मग म्हणाला, "साफसफाई तर येत असेल ना, लव्ह?" तिकडे अनोळखी बाईलाही सहज लव्ह म्हणतात.

मी हो म्हणाले.

हो का म्हणाले, ते सांगते. माझा नवरा कापडाच्या मिलमध्ये रात्रपाळी करायचा. ती मिल बंद पडली. त्या वर्षांत आमच्या भागात एकामागून एक मिला बंद पडत होत्या, आणि सगळ्यात आधी घरी बसले ते रात्रपाळीवाले. रात्रपाळीला सगळे आपलेच. पंजाबी, पाकिस्तानातल्या मिरपूरकडचे, आमच्यासारखे एखाददुसरे. आमचं घर पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या ओळीतलं. मागे खिडकी नाही, मागे दार नाही. भिंतीला ओल. सगळ्यांनी एका खोलीत बसायचं, तीच तेवढी गरम. मुली अंगावर कोट घालून अभ्यास करायच्या. नवऱ्याने दाढी करणं सोडलं होतं. दिवसभर खिडकीशी बसायचा, आणि पोस्टमन पुढे निघून गेला की उठायचा.

माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई-बाप दुसऱ्याच्या शेतात राबले. आम्ही बौद्ध. त्याआधीचे महार. हे मी इथे लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आई मला एकच गोष्ट सांगायची. "शिक. पण कुणाच्या उंबऱ्याखाली उभं राहून बोलू नको." मी शिकले, लग्न झालं, विमानात बसले. वाटलं, तो उंबरा मागे राहिला.

कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, मला होम हेल्प म्हणून घेतलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं. झाडायचं, बाजार आणून द्यायचा, पेन्शन काढून आणायची, दोन शब्द बोलायचं. म्हणजे त्यांना स्वतःचं घर सोडून वृद्धांच्या होममध्ये जावं लागू नये. काम चांगलं होतं. मी आजही म्हणते, चांगलं होतं. माणूस स्वतःच्या खुर्चीत, स्वतःच्या खिडकीशी म्हातारा व्हावा, यासारखी गोष्ट नाही.

अपमान व्हायचे. एक बाई मी आत आले की पर्स उशीखाली सरकवायची. एक म्हातारा मला रोज "पाकी आली" म्हणायचा, तिकडे ती आपल्या सगळ्यांनाच दिलेली शिवी, आणि मग शर्टाची बटणं लावून घ्यायला छाती पुढे करायचा. त्याची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. मी बटणं लावायचे. लागायचं, पण कळायचं. परक्याने परकं म्हटलं. त्यात नवल नव्हतं.

पुढे कामाचं नाव बदललं. होम केअर झालं. झाडणं-पुसणं कमी, माणसाचं अंग जास्त. अंघोळ घालणं, कपडे घालणं, भरवणं. पुष्कळ बायकांना ते जड गेलं. मला नाही गेलं. अंगाची मला कधी किळस नव्हती.

आमची ऑर्गनायझर होती जीन. कुणी कुणाच्या घरी जायचं हे ती ठरवायची. मनाने चांगली, नेहमी घाईत. एक दिवस तिने मला बोलावून विचारलं, तू मराठी बोलतेस ना? एका डॉक्टरांची आई आहे. पडली, खुब्याचं हाड मोडलं. इंग्रजी येत नाही. रोज सकाळी अंघोळ घालायला कुणी मिळालं तरच हॉस्पिटल तिला घरी सोडणार. नाहीतर होम.

त्या संध्याकाळी मी घरी नाचायची बाकी राहिले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कामावर मराठी बोलणार होते. मुली हसल्या. मोठी म्हणाली, "आई, तू तर पिकनिकला चाललीय असं दिसतो." तिचं मराठी असंच. मी दुरुस्त केलं नाही त्या दिवशी.

त्यांना सगळे माई म्हणायचे. डॉक्टरांच्या मोठ्या घरापासून दोन रस्ते सोडून त्यांचं स्वतःचं छोटं बंगलेवजा घर. सुनेशी पटेना म्हणून मुलाने वेगळं घेऊन दिलेलं. स्वतःची चूल, स्वतःचे देव, खिडकीत प्लॅस्टिकच्या डब्यात लावलेली तुळस. ती तिथल्या थंडीत दरवर्षी मरायची आणि माई दरवर्षी नवी लावायच्या. त्या घरात राहायचं, एवढीच त्यांची मागणी. होमला त्या फार भ्यायच्या. मला म्हणाल्या, "तिथे मला उकडलेला बटाटा घालतील आणि टीव्हीपुढे ठेवतील. माझ्याशी बोलेल कोण?"

पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाळ, तू कुठून गं पडलीस आभाळातून?"

अंघोळीची मात्र पंचाईत होती. हॉस्पिटलने सांगितलेलं, टबात पाणी भरून त्यात बसवा. माई ऐकेनात. "आपल्याच मळात बुडून बसायचं? म्हशीसारखं?" मी टबात प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं, शेजारी बादली, आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातला तांब्या आणला. त्या माझ्या गळ्यात हात घालून टबात उतरल्या. दुखऱ्या पायाकडे बघत, देवाचं नाव घेत. मी कढत पाणी विसणलं आणि पहिला तांब्या खांद्यावरून घातला. त्यांनी डोळे मिटून घेतले. पाठ चोळली, टाचा घासल्या, काखा धुतल्या. हॉस्पिटलात त्यांचं अंग नुसतं ओल्या फडक्याने पुसत होते.

"आज माणसात आले," त्या म्हणाल्या.

असे बरेच दिवस गेले. चांगले गेले. त्या सांगलीकडच्या. लहानपणी नदीत पोहायच्या, झाडावर चढायच्या, भावाच्या खोड्या काढायच्या, ते सगळं सांगायच्या. मी त्यांचे केस विंचरायचे. साडी नेसवायचे, मग त्या देवासमोर बसायच्या. त्यांची सून, सुलभावहिनी, डॉक्टरांच्याच दवाखान्यात रिसेप्शन बघायच्या. अधूनमधून डोकावून जायच्या. मला म्हणायच्या, तुम्ही आहात म्हणून आम्ही सुटलो हो.

एक दिवस निघताना मी दारातून म्हणाले, "येते माई. जयभीम."

सवयीने तोंडून गेलं. आमच्या घरी फोन उचलला तरी जयभीम, पाहुणा आला तरी जयभीम. परक्या घरी मी तो शब्द जपून वापरायचे. पण ते घर मला परकं राहिलं नव्हतं, हीच माझी चूक. आपल्या माणसाचा निरोप घ्यावा तसा घेतला.

माईंच्या हातात जपाची माळ होती. ती थांबली. सुलभावहिनी त्या दिवशी आल्या होत्या. त्या फ्रिज उघडून आत बघत राहिल्या. काहीच काढलं नाही.

"बरं," माई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी 'बाळ' गेलं. 'ए' आलं. "ए, जरा गरम पाणी घाल." "ए, हळू." अंघोळ नेहमीसारखी झाली. पाठ, टाचा, काखा. तेच हात माझ्या गळ्यात. मी टॉवेल घ्यायला वळले तर माई म्हणाल्या, थांब. आणि सुनेला हाक मारली. वहिनी त्या दिवशीही सकाळीच आलेल्या होत्या. हातात पितळेचा तांब्या, स्वयंपाकघरातून भरून आणलेला. माझ्या बादलीतलं पाणी नाही. त्यांनी तो माईंच्या दोन्ही खांद्यांवरून घातला. माई काहीतरी पुटपुटल्या. मग वहिनींनीच टॉवेल गुंडाळला. मला सांगितलं, तुम्ही टब धुवून घ्या.

मी टब धुतला. आधी मला वाटलं, साबण राहिला असेल. खरंच वाटलं. टब घासता घासता कळलं. साबण नाही. मी राहिले होते त्यांच्या अंगावर. ते धुतलं.

दारात वहिनींनी मला गाठलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हं. आम्ही असलं काही मानत नाही. माईंचं वय झालंय. तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या."

मी बी.ए. आहे हे तोपर्यंत या देशात मला कुणी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते यासाठी.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "येताना विमानात आपली बॅग हरवली होती, आठवतं? ही बघ, बरोबर पोचली." आम्ही दोघं हसलो. मग मी रडले. तो म्हणाला, सोडून दे ते घर. मी म्हटलं, मी सोडलं तर म्हातारी होममध्ये जाईल. खरंच तसं होतं. मराठी बोलणारी दुसरी बाई कौन्सिलकडे नव्हती. मला तिची दया यायची. दया करत करत मी रोज जात राहिले, आणि रोज शेवटी तो तांब्या येत राहिला. सुनेने दोन रस्ते गाडी चालवत यायचं, एक तांब्या घालायचा, साडी नेसवायची, जायचं. मळ काढायचा माझ्या हाताने. शुद्ध करायचं त्यांच्या.

मग ती बर्फाची सकाळ. रस्ते बंद होते, मी चालत गेले होते. माईंची अंघोळ झाली. वहिनींचा पत्ता नाही. माई टबात स्टुलावर बसलेल्या, उघड्या, अंगावरचं पाणी गार होत चाललेलं. मी टॉवेल रेडिएटरवर टाकून गरम करून ठेवला होता. तो हातात घेऊन पुढे झाले.

"थांब. सुलू येऊ दे."

"माई, बर्फ पडलाय. उशीर होईल. टॉवेल घ्या."

"हात लावू नकोस."

त्या कुडकुडत होत्या. ओठ निळे पडायला लागलेले. गुडघे एकमेकांवर आपटत होते. आणि मी, माणसाला ऊब देण्याची नोकरी करणारी बाई, गरम टॉवेल छातीशी धरून एका हाताच्या अंतरावर उभी. मी पुढे होऊन तो टाकलाच त्यांच्या अंगावर. त्यांनी तो झटकला. टॉवेल ओल्या फरशीवर पडला.

वहिनी आल्या. बुटांवरचा बर्फ झाडत, माझी क्षमा मागत. मग स्वयंपाकघरात जाऊन तांब्या भरून आणला. घाईत नळाचं गारच पाणी भरलं होतं. ते माईंच्या खांद्यावर पडलं तशी त्यांनी किंकाळी दाबली. पण घालून घेतलं.

मला तेव्हा माईंबद्दल काय वाटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. राग होता. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. थंडीने मरेल, पण माझ्या हातचा टॉवेल घेणार नाही. इतकं काय होतं माझ्या हातात?

मी ओव्हरऑल, कामावरचा डगला, काढला. त्याची घडी केली. वहिनींना म्हणाले, "उद्यापासून पहिल्या तांब्यापासून तुम्हीच घाला."

त्यांना वाटलं मी थकलेय. म्हणाल्या, अहो, असं काय करता, माईंचं वय...

"वय त्यांचं झालंय. तांब्या तुमच्या हातात आहे."

मी चालत परत आले. पायांतले बूट भिजले होते. वाटेत कुठेच थांबले नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांच्या घरून ऑफिसात फोन गेला. जीनने मला बोलावलं. तिला सांगण्यात आलं होतं की मी त्यांच्या समाजाची नाही, माईंच्या धार्मिक गोष्टी मला समजत नाहीत. जीन गोंधळली होती. तुम्ही दोघी मराठीच ना? मी म्हटलं, हो. मग? मी सांगायला लागले. पाणी, तांब्या, शेवटी धुणं. ती ऐकत होती, मान हलवत होती. मग म्हणाली, "ते त्यांचं कल्चर आहे, लव्ह. आपल्याला त्याचा मान ठेवायला हवा."

मान. माझ्याकडे एक शब्द होता. अनटचेबल. तो मला कॉलेजपासून येत होता. पेपरात लिहिला होता, त्यावर गुण मिळवले होते. पण ती गोरी बाई, तिचं नीटनेटकं टेबल, आणि मी स्वतःच्या तोंडाने स्वतःला ते म्हणायचं? ज्या शब्दातून माझे आई-बाप बाहेर पडले, धर्म बदलून बाहेर पडले, त्यात मी इथे येऊन पुन्हा पाय घालायचा? तो शब्द मी काढलाच नाही. जीनने ते घर माझ्याकडून काढून घेतलं. मोरीनला दिलं.

मोरीन म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी बाई. लीड्समध्येच जन्मलेली, जाडजूड, मोठ्याने हसणारी, दोन्ही हातांवर ओव्हनचे चटके. काही आठवड्यांनी चहाच्या खोलीत भेटली. मी विचारलं, माई कशा आहेत?

गोड आहे गं म्हातारी, ती म्हणाली. मला रोज एक पांढरा लाडू देते. पोटात जाऊन बसतो, सिमेंटसारखा.

मी विचारलं, अंघोळ कोण घालतं? मीच, ती म्हणाली, टबात बसवून. आधी कुरकुरली, आता बसते. आणि नंतर? नंतर काय, पुसते, पावडर लावते. मी विचारलं, नंतर सून पाणी घालायला येते का? मोरीनला प्रश्नच कळला नाही. कसलं पाणी? सून येते ती साडी गुंडाळायला, मला ती जमत नाही. कधी नाही आली तर म्हातारी नाइटीवरच बसते. पण पूजा मात्र चुकवत नाही हं. तिची ती छोटीशी घंटा आहे ना, ती मीच पॉलिश करून देते. चकचकीत.

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. मोरीन रोज सकाळी बेकन सँडविच खाऊन कामावर यायची. सगळ्या ऑफिसला माहीत होतं. त्या हातांना घंटा चालली. देव चालले. वरून काही ओतावं लागलं नाही.

तोपर्यंत माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात वहिनींचं म्हणणं बसलेलं होतं. म्हातारं माणूस, सोवळं-ओवळं, जुना धर्म. चहाच्या त्या खोलीत ते गेलं. धर्म नाही. सोवळं नाही. परदेशी बाईचं गोमांस चालतं, डुक्कर चालतं. फक्त मी चालत नाही. जगात कुठल्याही बाईपुढे त्या वाकायला तयार होत्या, माझ्याबरोबर मात्र बसायला नाही. हे इतकं उघडं मला आयुष्यात कुणी दाखवलं नव्हतं, आणि मोरीनला आपण काय दाखवलं ते माहीतही नव्हतं. ती बिस्किट चहात बुडवत होती.

माईंचं पुढे चांगलं झालं नाही. मोरीनशी बोलायचं कसं? काय दुखतं, काय खावंसं वाटतं, रात्री झोप लागली का, कुणाला सांगणार? लाडू देऊन बोलणं होत नाही. त्यांनी खाणं सोडलं. पुन्हा पडल्या. घर गेलं. ज्याला त्या भीत होत्या, तिथेच त्यांना नेलं.

त्या होममध्ये मी पूर्वी जिच्या घरी कामाला जायचे अशी एक इंग्रज म्हातारी राहायला गेली होती, तिला भेटायला मी गेले. मोठी खोली, भिंतीला लागून खुर्च्यांची ओळ, टीव्ही चालू. ओळीत शेवटी माई. मी आधी ओळखलंच नाही. त्यांना तपकिरी स्कर्ट घातला होता, वर कुणाचं तरी कार्डिगन. पाय उघडे. जन्मात जे पाय त्यांनी चारचौघांत उघडे टाकले नव्हते, ते काठीसारखे पाय. तिथल्या मुलींना साडी नेसवता येत नव्हती, आणि रोज येऊन नेसवायला कुणाला वेळ नव्हता. माई दोन्ही हातांनी स्कर्ट खाली ओढत होत्या. सोडला की तो वर जायचा. पुन्हा ओढायच्या.

मी समोर जाऊन खाली बसले. त्यांनी मला ओळखलं.

"साडी," एवढंच म्हणाल्या.

कपाटात त्यांच्या साड्या होत्या. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी एक काढली, त्यांना खोलीत नेलं, दार लावलं. नेसवायला वाकले तर त्या म्हणाल्या, "हात धुतलेस?"

कुणीही कुणालाही विचारावं असा साधा प्रश्न. पण तो माझ्यासाठी साधा उरला नव्हता.

"नाही, माई. असेच आहेत. नेसवू का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेरच्या टीव्हीवर लोक हसत होते. मग त्यांनी दोन्ही हात बाजूला केले.

मी नेसवली. निऱ्या घातल्या, पदर खांद्यावरून घेतला, पाय झाकले. त्या रडत होत्या. मी पण. पण याला मी माईंचं मन बदललं असं म्हणणार नाही. लोकांना अशा गोष्टी आवडतात, मला माहीत आहे. माईंचं काही बदललं नव्हतं. त्यांना साडी हवी होती, आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं. मला हे हवं नव्हतं. दुसरं कुणी नाही म्हणून चालणं मला नको होतं.

ती खोली सोडताना मला एक स्पष्ट दिसलं. जीनने ज्याचा मान ठेवला, त्याने माझा अपमान केला, आणि माईंचं घरही वाचवलं नाही. दोघींचं गेलं. आणि जोवर मी तो शब्द घशात धरून बसते आहे, तोवर कौन्सिल हेच करणार, दर वेळी, दर घरी, चांगल्या मनाने.

थोड्याच दिवसांत कौन्सिलची मीटिंग होती. आशियाई वृद्धांना घरी कशी सेवा द्यायची, त्याचे नियम ठरवायला. समाजाच्या वतीने बोलायला कुणाला बोलावलं असेल? माईंच्याच मुलाला. डॉक्टर छान बोलले. त्यांचं इंग्रजी ऐकत राहावं असं. म्हणाले, आमच्या वृद्धांना आपल्याच समाजाची सेविका लागते, कुटुंबाला विचारा, कुटुंब नको म्हणेल तिला पाठवू नका. जीन लिहून घेत होती. ते नियमात जाणार होतं.

आम्हा कामाच्या बायकांनाही बोलावलं होतं; मी मागच्या खुर्चीवर होते, मोरीनही तिथेच होती. दुपारच्या घरांना जायचं म्हणून अंगात ओव्हरऑल. उठून उभी राहिले. म्हणाले, मी यांच्याच समाजाची आहे. यांचीच भाषा बोलते. यांच्या आईच्या घरून मला का काढलं, ते यांना विचारा.

डॉक्टरांनी मला ओळखलं. त्यांनी इंग्रजी सोडलं. मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "हे इथे नको. हे आपलं घरातलं आहे."

आपलं. माझ्यासाठी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा निघाला.

मी इंग्रजीत उत्तर दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे म्हणतात, घरातली गोष्ट आहे. मी यांच्या घरातली नाही. मी यांच्या आईला अंघोळ घालत होते, आणि माझा स्पर्श धुऊन काढायला नंतर वेगळं पाणी घातलं जायचं. आमच्या देशात माझ्या लोकांना अनटचेबल म्हणत. तो शब्द मी आज इथे म्हणते, कारण तुम्ही तो नियमात लिहायला निघालात. फक्त त्याला कल्चर म्हणताय."

मग मोरीनचा आवाज. तिला दबक्या आवाजात बोलता यायचंच नाही. "थांबा, म्हणजे हिचे हात चालत नाहीत आणि माझे चालतात? मी बेकन खाऊन जायचे हो त्या घरी."

कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागद गोळा केले. आईचं वय, असं काहीतरी म्हणायला लागले, आणि वाक्य पुरं न करता बसले. जीनने पेन खाली ठेवलं होतं. ती मला म्हणाली, हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं होतं. तू मान ठेवलास.

टाळ्या वगैरे काही झालं नाही. मराठी मंडळात माझ्याविरुद्ध बोललं गेलं. परदेशात आपल्याच लोकांची लाज काढली, असं. हळदीकुंकवाला आधी बोलावणं यायचं, ते थांबलं. मी त्याचं दुःख केलं नाही. माझी लाज निघत होती तेव्हा यातलं कुणी आलं नव्हतं. माई त्याच हिवाळ्यात गेल्या. मला कळवलं नाही कुणी. मोरीनकडून कळलं. त्या रात्री मी जेवले नाही, हेही खरं आहे.

मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन सोशल वर्कचं शिक्षण घेतलं. जीन निवृत्त झाली, तेव्हा तिच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीत शिक्षण विचारलं. मी बी.ए.पासून सांगितलं, आणि त्यांनी बी.ए.पासून लिहून घेतलं.

आज त्या ऑफिसची ऑर्गनायझर मी आहे. आमच्या बायकांना साडी नेसवायला, बादलीने अंघोळ घालायला शिकवलं जातं, गोऱ्या बायकांनासुद्धा. मराठी, पंजाबी, उर्दू, गुजराती बोलणाऱ्या बायका आमच्याकडे आहेत. आणि आमच्या भागात कामाला आलेल्या कुणाही बाईची जात काढून तिला दारातून परत पाठवता येत नाही. म्हातारं माणूस असो, शिकलेली सून असो, डॉक्टर असो. हा नियम लेखी आहे. तो मी करून घेतला.